क्लासिक रॉकच्या व्हिडिओंतील गायिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लासिक रॉक म्हणजे नेमका कोणता काळ, आणि व्हिडिओ कशाला म्हणायचे?

ढोबळमानाने १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध ते १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध हा काळ इथे धरला आहे, आणि प्रदेश म्हणाल तर मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटन. व्हिडिओ या शब्दाचा अर्थ मात्र मी सैल ठेवला आहे. एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी अमेरिकन वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. त्याआधीचे जे पाहायला मिळते ते महोत्सवांत केलेले चित्रण, टीव्हीच्या कार्यक्रमात म्हटलेले गाणे किंवा रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीसाठी काढलेली छोटी फिल्म, यांपैकी काहीतरी असते. इथे हे सगळे व्हिडिओच. त्यातला पहिला प्रकार मला सर्वांत प्रिय आहे आणि हा पक्षपात पुढच्या उत्तरांत लपणार नाही.

गाणे ऐकायचे असते. त्यात पाहण्यासारखे काय आहे?

मैफलीला बसलेला श्रोता गायकाकडे पाहत असतोच. स्वर लावताना मान कुठे वळली, हात कुठे गेला, दम कुठे घेतला, हे त्याला नकळत दिसत असते आणि त्यातून गाणे अधिक कळते. रॉक गाणाऱ्या बाईकडेही तसेच पाहावे. आवाज चढवताना ती माइक तोंडापासून किती लांब नेते, हळू ओळीला किती जवळ आणते, ओळ संपण्याआधी श्वास चोरते की ओळ पुरी करूनच घेते, हे सगळे कसब आहे आणि ते डोळ्यांना दिसते. माझी तक्रार एवढीच आहे की कॅमेरा पुष्कळदा नेमक्या त्याच क्षणी केसांकडे, कपड्यांकडे किंवा शेजारच्या गिटारवाल्याकडे वळतो. म्हणून व्हिडिओ चांगला की वाईट हे ठरवण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे: गाणारी बाई गाताना दिसते का?

सुरुवात कोणत्या चित्रणापासून करावी?

जॅनिस जॉप्लिनपासून, आणि तिच्याही एकाच चित्रणापासून. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे झालेल्या पॉप महोत्सवात ती 'बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी' या वाद्यवृंदाबरोबर गायली. शनिवारी दुपारी त्यांनी मैदान मारले, पण चित्रीकरणाला त्यांच्या बाजूने परवानगीच दिलेली नव्हती. हातचे काय निसटले हे लक्षात आल्यावर त्यांना रविवारी पुन्हा मंचावर आणण्यात आले, आणि डी. ए. पेनेबेकर यांच्या चित्रपटात आपण पाहतो ते हे दुसऱ्या दिवशीचे गाणे. 'बॉल अँड चेन' ही मूळची बिग मामा थॉर्नटन या ब्लूज गायिकेची रचना. चोवीस वर्षांची जॉप्लिन ती सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखी म्हणते, मग एकदम आवाज फाटेल इतका वर नेते आणि तो फाटण्याआधी पुन्हा कुजबुजीवर आणून ठेवते. ओरडणे कोणालाही जमते. ओरडून झाल्यावर पुढच्याच मात्रेला इतके खाली उतरणे जमत नाही. प्रेक्षकांत 'द ममाज अँड द पापाज'ची गायिका कॅस इलियट बसलेली दिसते. तिचे तोंड उघडे राहिले आहे, आणि मग तिचे ओठ एका उद्गारापुरते हलतात. एका गायिकेने दुसरीला दिलेली इतकी निखळ दाद दुसऱ्या कोणत्याही चित्रणात माझ्या पाहण्यात नाही. गाणे संपल्यावर जॉप्लिन शाळा सुटलेल्या मुलीसारखी उड्या मारत आत पळते. तीन वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९७० रोजी, सत्ताविसाव्या वर्षी ती गेली.

ग्रेस स्लिक इतकी थंड का वाटते?

कारण तिला तसेच वाटवायचे आहे. जेफर्सन एअरप्लेन या वाद्यवृंदाचे 'व्हाइट रॅबिट' हे गाणे तिने स्वतः लिहिले, त्याला स्पॅनिश बोलेरोची चाल दिली आणि ध्रुवपद ठेवलेच नाही. अडीच मिनिटांत ते एकाच चढणीने वर जाते, मागे वळत नाही. अशा गाण्यात हातवारे केले तर चढण मोडते. म्हणून १९६७ च्या टीव्हीवरच्या चित्रणात ती जवळजवळ स्थिर उभी राहून समोर रोखून पाहते आणि सगळा जोर शेवटच्या ओळींसाठी राखून ठेवते. वुडस्टॉकच्या महोत्सवात १७ ऑगस्ट १९६९ रोजी हा वाद्यवृंद शनिवारच्या रात्रीऐवजी रविवारी सकाळी मंचावर आला. रात्रभर ताटकळल्यानंतरही तिचा आवाज किती चोख लागला आहे, ते त्या चित्रणात ऐकावे.

या गायिका खरोखर गात असतात की नुसते ओठ हलवतात?

दोन्ही प्रकार आहेत आणि ते ओळखणे अवघड नाही. माइकला वायर नसेल आणि वर्ष १९७० च्या दशकातले असेल, तर बहुधा रेकॉर्ड वाजते आहे. गाणे शेवटी हळूहळू विरत गेले आणि वादक मात्र तेवढ्याच जोमाने वाजवताना दिसले, तर निश्चितच रेकॉर्ड वाजते आहे. ब्रिटनच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात बहुतेक वेळा ओठच हलत असत. अमेरिकेच्या 'द मिडनाइट स्पेशल'ची ख्याती मात्र खऱ्या गाण्यासाठी होती, म्हणून त्या कार्यक्रमातली चित्रणे आधी शोधावीत.

याहून गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे एकीचा आवाज आणि दुसरीचा चेहरा. मीट लोफ या गायकाच्या १९७७ च्या 'पॅरडाइस बाय द डॅशबोर्ड लाइट'मध्ये आवाज एलन फोलीचा आहे, पण व्हिडिओत त्याच्यासमोर कार्ला डेव्हिटो दिसते. १९९३ मध्ये त्याच्याच 'आय'ड डू एनीथिंग फॉर लव्ह'मध्ये हेच पुन्हा घडले: गायली लॉरेन क्रॉस्बी, पडद्यावर ओठ हलवले डेना पॅट्रिकने, आणि रेकॉर्डवर क्रॉस्बीचे खरे नाव न येता 'मिसेस लाउड' असे टोपणनाव आले. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ओठ हलवण्याचा धक्का बसू नये, पण नाव गाळण्याचीही आपल्याला ओळख असायला हरकत नाही. १९४९ च्या 'महल'च्या रेकॉर्डवर लता मंगेशकरांच्या जागी 'कामिनी' हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापलेले होते. कार्ला डेव्हिटोवर मात्र माझा राग नाही. ती स्वतः उत्तम गायिका होती आणि दौऱ्यांत ते गाणे तिनेच गायले.

एमटीव्हीमुळे गायिकांचा फायदा झाला की तोटा?

पॅट बेनाटारचा फायदा झाला, हे निर्विवाद. पहिल्या दिवशी दाखवलेला दुसराच व्हिडिओ तिचा होता, 'यू बेटर रन'; म्हणजे त्या वाहिनीवर मुख्य गायिका म्हणून झळकलेली पहिली स्त्री तीच. त्यात कथा नाही, नटणे-मुरडणे नाही; बाई चिडून गाते आहे आणि नील जिराल्डो गिटार वाजवतो आहे, बस्स. दोन वर्षांनी आलेल्या 'लव्ह इज अ बॅटलफील्ड'मध्ये घर सोडून शहरात आलेल्या मुलीची गोष्ट आहे, मध्ये संवाद आहेत आणि शेवटी सोन्याच्या दाताच्या एका गुंडासमोर बायका खांदे उडवत नाचतात. दिग्दर्शक बॉब जिराल्डी आणि नृत्यदिग्दर्शक मायकेल पीटर्स, म्हणजे मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'चीच जोडी. व्हिडिओ म्हणून तो मोठाच आहे. पण ऑपेराच्या तालमीत तयार झालेला तिचा आवाज ऐकायचा असेल, तर मी अजूनही 'यू बेटर रन'कडेच जातो.

तोटा कोणाचा झाला, ते पुढच्या उत्तरात.

हार्ट या वाद्यवृंदाचे जुने आणि नवे व्हिडिओ इतके वेगळे का दिसतात?

अॅन आणि नॅन्सी विल्सन या सिअॅटलच्या बहिणी. अॅन गाते, नॅन्सी गिटार वाजवते आणि अधूनमधून तीही गाते. १९७० च्या दशकातल्या त्यांच्या चित्रणांत कॅमेऱ्याला काही लपवायचे नसते. 'क्रेझी ऑन यू'च्या आधी नॅन्सी एकटी अकूस्टिक गिटारवर एक वेगवान तुकडा वाजवते, मग अॅन पुढे येते, आणि दोघींच्या मधली जागाही चौकटीत दिसत राहते. १९७७ च्या 'बॅराकुडा'मागे खरा संताप होता. दोघी बहिणींमध्ये शरीरसंबंध असल्याचे सूचित करणारी जाहिरात त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने केली होती. एका कार्यक्रमानंतर कोणीतरी अॅनला त्यावरूनच छेडले आणि तिने खोलीत परतून ते शब्द लिहिले. बॅराकुडा हा अणकुचीदार दातांचा शिकारी मासा, तेव्हा शीर्षक कोणाला उद्देशून आहे हे सांगायला नको. त्या गाण्यात अॅन स्वर लांबवते तेव्हा तो कापत नाही. सरळ काठीसारखा उभा राहतो आणि अगदी शेवटी सोडताना थोडासा हलतो.

मग १९८५ नंतरचे व्हिडिओ पाहावेत. धूर, फुगवलेले केस, घट्ट कपडे. अॅनचे वजन वाढले होते, म्हणून कॅमेरा तिच्या चेहऱ्यापुरताच राहतो, बाकीची ती अंधारात असते, आणि नॅन्सी मात्र गिटार घेऊन नखशिखान्त दिसते. हे मुद्दाम केले जात असे, असे दोघींनी पुढे स्वतःच सांगितले आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेले 'अलोन' याच काळातले. पहिल्या कडव्यात खालच्या पट्टीत दबकत चालणारा आवाज ध्रुवपदाला एका झेपेत वर जातो, आणि त्या झेपेसाठी तिने शरीर कसे सावरले हे आपल्याला दिसायला हवे होते. ते दिसत नाही. इतका मोठा आवाज असलेल्या बाईला स्वतःच्याच व्हिडिओत लपवले गेले, याची मला आजही चीड येते.

उतारा हवा असेल तर डिसेंबर २०१२ मधले वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचे चित्रण पाहावे. लेड झेपेलिन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या सन्मानार्थ दोघी बहिणी 'स्टेअरवे टू हेवन' सादर करतात, ढोल-झांजांवर त्या वाद्यवृंदातल्या दिवंगत जॉन बॉनहॅमचा मुलगा जेसन आहे, आणि बासष्ट वर्षांची अॅन उघड्या प्रकाशात सरळ उभी राहून गाते. सज्जात बसलेल्या झेपेलिनच्या गायकाचे, रॉबर्ट प्लँटचे, डोळे भरून येतात.

स्टीव्ही निक्सच्या शालींबद्दल इतके का बोलले जाते?

कारण त्या शाली खरोखर कामाच्या होत्या. निक्स ज्यात गायची त्या फ्लीटवुड मॅक या वाद्यवृंदाच्या मोठ्या मैदानांवरच्या कार्यक्रमांत लांब बसलेल्या माणसाला लहान चणीची बाई दिसावी कशी? काळा झिरझिरीत पोशाख, उंच टाचांचे बूट, रंगीत फिती बांधलेली खंजिरी आणि हात पसरले की पंखासारखी उघडणारी शाल, हा त्यावरचा उपाय. १९७६ च्या 'द मिडनाइट स्पेशल'मधल्या 'रिअॅनन'मध्ये मात्र शाल बाजूला पडते. शेवटच्या मिनिटा-दीड मिनिटात तिचा आवाज खरखरीत होत जातो, ती माइकवर वाकते आणि रेकॉर्डवरची शांत, धुकट गायिका ती हीच का, असा प्रश्न पडतो.

परंतु माझ्या मते तिचे सर्वश्रेष्ठ चित्रण १९९७ चे आहे. 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे तिने वाद्यवृंदातला गिटारवाला आणि आपला प्रियकर लिंडसे बकिंगहॅम याच्यापासून दूर होताना लिहिलेले गाणे. १९७७ च्या 'रूमर्स' या अल्बममध्ये ते लांबीमुळे बसले नाही आणि दुसऱ्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गेले. ती रेकॉर्ड 'गो युअर ओन वे'ची, म्हणजे त्याच फारकतीवर बकिंगहॅमने लिहिलेल्या गाण्याची. वीस वर्षांनी 'द डान्स' या कार्यक्रमासाठी सगळे पुन्हा एकत्र आले, तेव्हा गाण्याच्या उत्तरार्धात निक्स प्रेक्षकांकडची नजर काढून उजवीकडे-डावीकडे न पाहता थेट बकिंगहॅमकडे वळते आणि उरलेले गाणे त्यालाच ऐकवते. तोही गिटार वाजवत, साथीला गात, तिच्याकडे पाहत राहतो. दोघांचेही माइक समोर आहेत, दोघांनाही सुरात राहायचे आहे, आणि दोघेही राहतात. कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा प्रथमच मला त्याच्यावर राग येत नाही. हे ठरवून केले की आपोआप घडले, असेही विचारले जाते. माझ्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही. उत्तम नाटकाचे प्रयोगही ठरवूनच होतात.

मंचाच्या कडेला उभ्या राहून साथ करणाऱ्या गायिकांचे काय?

त्यांच्याविषयी खरे तर स्वतंत्रपणे लिहायला हवे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७३ च्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये एकही शब्द गायलेला नाही. आहे तो क्लेअर टोरीचा आवाज. जानेवारीतल्या एका रविवारी तिला लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत बोलावले. तिने आधी शब्द घालून पाहिले. ते नकोत असे सांगितल्यावर तिने आपण गायिका नसून वाद्यच आहोत असे मानले आणि गायली. मोबदला ३० पौंड. सुरावट तिने जागेवर रचली होती, पण रचनाकार म्हणून नाव होते ते फक्त वाद्यवृंदातल्या रिचर्ड राइटचे. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटच्या बरोबरीने तिचे नाव लागते. जे आपल्याकडे आलापीत होते, म्हणजे गाणाऱ्यानेच क्षणोक्षणी रचत जाणे, त्याची किंमत करायला तिथल्या कायद्याला बत्तीस वर्षे लागली.

पाहायचे असेल तर १९९४ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये चित्रित झालेले सादरीकरण घ्यावे. टोरीने एकटीने जे पेलले ते इथे तिघी वाटून घेतात: सॅम ब्राउन, दुर्गा मॅकब्रूम आणि क्लॉडिया फाँटेन. (होय, दुर्गाच, ही अमेरिकन गायिका आहे.) तिघींचा आवाज लावण्याचा ढंग निराळा, आणि एक गात असताना उरलेल्या दोघी कशा ऐकत उभ्या असतात, तेही पाहण्यासारखे आहे.

रोलिंग स्टोन्सच्या 'गिमी शेल्टर'ची गोष्ट उलटी आहे. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मेरी क्लेटनला मध्यरात्री घरून बोलावले गेले. ती गरोदर होती, केसांना कर्लर तसेच होते. तिसऱ्या फेरीला तिचा आवाज वर जाताना तडकतो आणि मागून कोणीतरी आनंदाने ओरडल्याचे रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येते. त्या क्षणाचे चित्रण नाही. १९८९ पासून सुमारे पंचवीस वर्षे लिसा फिशरने ते गाणे स्टोन्सच्या दौऱ्यांत गायले आणि तिची चित्रणे विपुल आहेत, उत्तम आहेत; पण तो तडा क्लेटनचाच, आणि तो डोळे मिटूनच ऐकायला लागतो.

टीना टर्नर ही सोल गायिका. तिला रॉकमध्ये का धरले आहे?

तिचे पाय पाहावेत, कान आपोआप पटतील. 'प्राउड मेरी' हे मूळचे क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचे गाणे. १९७१ मध्ये तिने ते विलंबित सुरू करून मध्येच द्रुत लयीत नेले, आणि त्या काळच्या चित्रणांत लय पालटल्यावर ती आणि तिच्या साथीदार मुली ज्या वेगाने नाचतात त्या वेगाने नाचून कोणी दोन ओळीही सुरात म्हणून दाखवाव्यात. १९८४ च्या 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट'च्या व्हिडिओत ती न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून डेनिमचे जाकीट घालून नुसती चालते. चव्वेचाळीस वर्षांची बाई अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली ती या चालण्यावर.

केट बुशच्या 'वदरिंग हाइट्स'चे दोन व्हिडिओ आहेत, कोणता पाहावा?

पांढऱ्या पोशाखातला स्टुडिओत केलेला आहे, लाल पोशाखातला उघड्या माळावर. लाल अधिक प्रसिद्ध आहे. मला पांढरा आवडतो, कारण त्यात चेहरा नीट दिसतो. १९७८ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत स्वतः लिहिलेल्या गाण्याने पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ती पहिली गायिका. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात नाचताना हात मोकळे राहावेत म्हणून तिच्यासाठी कपडे टांगायच्या हँगरची तार वाकवून डोक्यावर बसणारा माइक तयार केला गेला. आज प्रत्येक नाचऱ्या गायकाच्या गालावर जो माइक दिसतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक. नंतर स्वतःचे कार्यक्रम घेऊन ती थेट २०१४ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये २२ प्रयोगांपुरती मंचावर परतली.

वाद्य वाजवणाऱ्या गायिका कोणत्या?

नॅन्सी विल्सन वर आलीच. डेट्रॉइटची सूझी क्वाट्रो १९७३ मध्ये चामड्याच्या एकसंध पोशाखात, जवळजवळ तिच्याच उंचीची वाटणारी बेस गिटार घेऊन 'कॅन द कॅन' गायली. 'प्रिटेंडर्स'ची क्रिसी हाइंड मुळात गिटारवाली, पण 'ब्रास इन पॉकेट'च्या व्हिडिओत तिला कॅफेतली वेटर केले आहे. तरीही ती टेबल पुसतानासुद्धा नायिका वाटते, हा तिचा मोठेपणा. जोन जेटच्या १९८२ च्या 'आय लव्ह रॉक 'एन' रोल'चा व्हिडिओ रंगीत चित्रित झाला होता. लाल चामड्याचा पोशाख तिला पडद्यावर आवडला नाही, म्हणून तो कृष्णधवल झाला. निर्णय योग्यच होता.

या गायिकांच्या सौंदर्याविषयी काहीच का लिहिलेले नाही?

त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

हे सगळे आपल्याकडे कसे पोहोचले?

मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये रेकॉर्ड ऐकून पाहण्याची सोय होती. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. चित्र मात्र उशिरा आले. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर उपग्रहावरून एमटीव्ही दिसू लागली, तोवर व्हीएचएस कॅसेटवर नकलेची नक्कल हातोहात फिरत असे. माझ्या मामाने दुबईहून आणलेल्या अशा एका कॅसेटमध्ये 'लव्ह इज अ बॅटलफील्ड' होते. चित्रावर खालून वर पांढरी रेघ सरकत राहायची, ट्रॅकिंगचे बटण फिरवले की ती थोडी वर जाऊन पुन्हा खाली यायची, आणि बेनाटारचा चेहरा आणि पाय एका वेळी कधीच दिसायचे नाहीत. आवाज मात्र स्वच्छ होता. ऐकत ऐकत पाहण्याची खोड कदाचित तिथलीच.

मोबाइलवर पाहिले तर चालेल का?

चालेल, पण हेडफोन लावून. फोनच्या स्पीकरवर क्वाट्रोचा बेस ऐकूच येत नाही, आणि जॉप्लिनची कुजबुज तर मुळीच नाही.